तिसरं कडवं

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
करामा, दुबई
शुक्रवार, १४ जून २००२

सौ. अपर्णावन्सं यांस,
आशाचा नमस्कार.

फोनवर तुम्ही "वहिनी, नंतर बोलू" म्हणून रिसीव्हर ठेवलात, म्हणून कागदावर लिहिते. इथे निदान माझं बोलणं पुरं होईल.

तुमच्या वेदांगची सीडी निघाली. तो, तो ढोल बडवणारा इद्रीस आणि जाड तारांची गिटार गळ्यात घालून नुसता उभा राहणारा जमाल, या तिघांच्या बँडचं नाव 'लोडिंग बे', आणि सीडीचं नाव 'समर टायमिंग'. दुकानात पंचवीस दिरहॅमला एक, म्हणजे आपले सव्वातीनशे रुपये. मी विकत घेतली नाही. आमच्या सोफ्यामागे तीन खोकी भरून पडल्यात, झाडू फिरत नाही.

नऊ गाणी आहेत. आठ कुणावर आहेत ते देवाला ठाऊक. नववं माझ्यावर आहे. त्याचं नावच 'मामी'. गाणं इंग्रजीत, पण मध्ये मध्ये तिघे मिळून मराठीत ओरडतात, "मामी, एसी लाव ना." पहिल्या कडव्यात म्हणे भाचा पाणी प्यायला उठला तरी मामी एसी बंद करते. दुसऱ्यात मामी प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते, आणि तिचा देव टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान आहे आणि त्यालाही घाम येतो. हे सगळं तुमच्या भावाने मला अर्थ सांगून ऐकवलं, आणि सांगताना मिशीत हसले. तिसऱ्या कडव्याला मात्र गप्प झाले. म्हणाले, त्यात काही खास नाही.

वन्सं, दोन वर्षं झाली. जबल अलीच्या गोडाऊनमध्ये यांनी शब्द टाकून त्याला स्टोअरकीपरची नोकरी आणि व्हिसा मिळवून दिला. सकाळी पावणेसहाला कंपनीची बस येते. त्याआधी त्याचा डबा भरलेला असतो, एक दिवस चुकलेला नाही. त्याची ही परतफेड.

पेपरच्या शुक्रवारच्या पुरवणीत परीक्षण आलंय. त्या माणसाने लिहिलंय की हा मुलगा सर्दी झाल्यासारखा गातो, ढोल गोडाऊनमध्ये खोकी पडल्यासारखे वाजतात, आणि हे ऐकण्यापेक्षा शेख झायेद रोडवर गाडीची काच खाली करून बसावं. मला पटलं. पण शेवटी म्हणतो, 'मामी' हे एकच गाणं खरं आहे. खरं आहे म्हणजे काय? तो आला होता का माझ्या घरी?

गेल्या शुक्रवारी मंडळाच्या सत्यनारायणाला गेले. कथा चालू असताना मागून मंडळातला तनिष आणि चार पोरं हळूच, "मामी, एसी लाव ना." सेक्रेटरींची बायको पदरात तोंड घालून हसली. मी प्रसाद न घेता घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा.

आता आणखी पाचशे सीड्या काढायचं चाललंय. त्यात ते गाणं नको. मी त्याला सांगितलं तर म्हणतो, "मामी, इट्स अ कॉम्प्लिमेंट." तुम्ही आई आहात. तुम्ही सांगा.

सौ. आशा


अबुधाबी
२२ जून २००२

ती. आशावहिनींस,
सा. न.

पत्र मिळालं. कंपनीच्या चलनाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असल्यामुळे आधी मला वाटलं कुठला माल आलाय.

वहिनी, गाण्यात तुमचं नाव कुठे आहे? मामी जगात लाखो आहेत. आणि एसी तुम्ही बंद करता हे खोटं आहे का? मागच्या मे महिन्यात मी तुमच्याकडे दोन दिवस राहिले आणि घामोळं घेऊन परत आले. आमचे हे तेव्हाच म्हणाले होते की यावर कुणीतरी गाणं लिहायला हवं.

माझ्या मुलाला पेपरवाल्याने सर्दी झालेला म्हटलं आणि तुम्हाला पटलं. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून आले. अठरा महिने दर शुक्रवारी शारजाला इद्रीसच्या वडलांच्या गॅरेजमध्ये घाम गाळून पोरांनी ही सीडी केली. एका माणसाने अर्ध्या पानात तिची वाट लावली. वेदांग दोन दिवस जेवला नाही म्हणे. हे तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही सत्यनारायणात कोण हसलं ते बघत होता.

ऐकणाऱ्यांचं म्हणणं मात्र वेगळं आहे. त्यांच्या वेबसाइटवर लोक निरोप लिहून ठेवतात, ह्यांनी ऑफिसातून प्रिंट काढून आणले. दोनशे बारा आहेत. सगळे गोड नाहीत. एकाने लिहिलंय की पैसे परत द्या. पण मस्कतची एक मुलगी लिहिते की माझी मामी अशीच होती, ती गेल्यापासून मी एसी सोळावर लावते आणि मला झोप येत नाही. आणि तिसऱ्या कडव्याचं तर त्या खडूस परीक्षकानेसुद्धा कौतुक केलंय. तुम्हाला ते समजलं नसेल तर समजावून घ्या, मग बोला.

गाणं राहील. मुलं मोठी झाली आहेत, आपण त्यांच्यामध्ये पडू नये.

अपर्णा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
करामा, दुबई
२९ जून २००२

सौ. अपर्णावन्सं यांस,

तुमच्या सांगण्याप्रमाणे समजावून घेतलं. मी मराठी शाळेतली मॅट्रिक, मला कुठून यायचं इंग्रजी गाणं. शेजारची मिहिका बारावीला आहे, तिला बसवलं आणि एकेक शब्दाचा अर्थ विचारला. तिने सांगितलं तसं लिहिते.

मामी एका खोलीचं दार हळू लावते,
जणू आत धूळ झोपली आहे.
मामी, आत कोण आहे ते तरी सांग,
मी गिटार हळू वाजवीन.

मिहिका म्हणाली, "आंटी, धिस इज सो ब्यूटिफुल." मी तिला लाडू दिला आणि घरी पाठवलं.

आता एक सरळ विचारते. त्या खोलीचं त्याला कुणी सांगितलं? ती खोली मी का बंद ठेवते हे या देशात तिघांनाच ठाऊक आहे. मी, हे आणि तुम्ही. हे बोललेले नाहीत, मी त्यांना देवासमोर उभं करून विचारलं. राहिलं कोण?

एसीचं लिहा, पिशव्यांचं लिहा, माझ्या देवाचंसुद्धा लिहा, तो आपलं बघून घेईल. पण ते कडवं लिहायला त्याच्या हातात कुणीतरी दिलं, आणि ते देणारी घरातलीच बाई असली तर मग पुढे बोलायला काही उरत नाही. ते कडवं नव्या सीडीत गेलं, तर मी गप्प बसणार नाही हे आधीच सांगून ठेवते.

सौ. आशा


अबुधाबी
८ जुलै २००२

वहिनी,

कुठली खोली आणि कसलं गुपित? सगळा करामा खोल्या भाड्याने देऊन राहतो, एकेका घरात दोन दोन कुटुंबं. तुम्ही एक अख्खी खोली रिकामी ठेवता आणि माझ्या मुलाला दोन वर्षं हॉलमध्ये सोफ्यावर झोपवता. यात मला जे ठाऊक आहे ते एवढंच. त्याला हसू आलं असेल, त्याने लिहिलं.

देवासमोर मला उभं करू नका. मी तुमची कुणी आरोपी नाही.

अपर्णा


अबुधाबी
२० जुलै २००२

वहिनी,

सोबत पेपरचं कात्रण आहे. तुम्हाला त्याची गरज नाही म्हणा, लिहिलंत तुम्हीच. तरी पाठवते, म्हणजे तुमच्या घरी एक प्रत राहील.

'मामींचं उत्तर' असा मथळा देऊन त्यांनी वाचकांच्या पत्रांत छापलंय. त्यात माझ्या मुलाचं पूर्ण नाव. त्याचं वय. तो कुठल्या गोडाऊनच्या व्हिसावर आहे. हुद्दा स्टोअरकीपर. आणि खाली, सदर इसम पैसे घेऊन लोकांसमोर गाणी म्हणतो, तरी संबंधितांनी योग्य ती कारवाई करावी. सदर इसम. ज्याला तुम्ही डबा भरून देत होता तो.

सोमवारी त्याच्या कंपनीच्या मॅनेजरने त्याला बोलावलं. टेबलावर हेच कात्रण. म्हणाला, तू चांगला मुलगा आहेस, पण आमच्या व्हिसावर राहून दुसरीकडे काम करतोस असं उद्या कुणी म्हटलं तर आम्हाला उत्तर देता येणार नाही. खलास. व्हिसा रद्द करताहेत. महिनाभरात देश सोडायचा.

हा मुलगा सहा वर्षांचा असताना इथे आला, वहिनी. त्याला भारतात रस्ता ओलांडता येत नाही. कुठे जाऊ म्हणून मला विचारतो. पुण्याला माझ्या सासूबाईंकडे पाठवणार आहे, तो त्यांना आयुष्यात पाच वेळा भेटलाय.

त्याला आजवर खूप जणांनी वाईट म्हटलं. पेपरवाल्याने नाकात गातो म्हटलं, कुणी पैसे परत मागितले. पण देशाबाहेर कुणी काढलं नव्हतं. त्याला घरचं माणूस लागलं.

मला उत्तर नको.

अपर्णा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
करामा, दुबई
२७ जुलै २००२

सौ. अपर्णावन्सं यांस,

उत्तर नको म्हणालात, तरी लिहिते. वाचू नका हवं तर.

पेपरला पत्र लिहायचं मीच ठरवलं, ते नाकारत नाही. मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. हा मुलगा माझ्या घरी राहतो, माझं खातो, आणि घरातली गोष्ट बाजारात मांडतो, तेव्हा आईबापांनी ही सीडी मुलांना घेऊन देऊ नये. इतकंच. त्याचं इंग्रजी करायला खालच्या टायपिंग सेंटरमध्ये शौकतकडे गेले. माझे सगळे कागद तोच करतो, व्हिसा रिन्यूअल, वीज, पाणी, सगळं. तो म्हणाला, "भाभीजी, ऐसे कोई नहीं छापेगा. नाम, पता, विज़ा किसका, सब लगता है. पासपोर्ट कॉपी दो." मी दिली. कपाटात सगळ्यांच्या कॉप्यांची फाइल असते, वेदांगच्याही होत्या. सतरा वर्षं या देशात कुठेही गेलं की पासपोर्ट कॉपी मागतात आणि आपण देतो. का मागतात हे विचारायची मला सवय नाही. तो रोज तक्रारीचे अर्ज टाइप करतो तसंच त्याने ते केलं, मी वाचता न येणाऱ्या कागदावर सही केली. पुढचं पेपरने छापलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा शौकतकडे गेले. माघारीचं पत्र करून घेतलं, मी लिहिलं ते रागात लिहिलं, मुलाचा दोष नाही. या वेळी मिहिकाकडून दोनदा वाचून घेतलं आणि ह्यांच्याबरोबर जबल अलीला गेले. मॅनेजरने चहा दिला. पत्र फाइलला लावलं. म्हणाला, "मॅडम, जे छापलं ते छापलं." हे माझ्याशी अजून बोलत नाहीत. वेदांग घरीच असतो, तोही नाही. वेबसाइटवर मला काय काय शिव्या आल्यात ते मिहिकाने सांगितलं नाही, पण तिच्या तोंडावर दिसतं.

आता खोलीचं. कुठली खोली म्हणून तुम्ही विचारलंत. मला वाटलं होतं तुम्ही वेड पांघरताय. पत्र चार वेळा वाचलं तेव्हा कळलं की तुम्हाला खरोखरच आठवत नाही.

फेब्रुवारी १९८६. आमची मुलगी. नऊ दिवस होती. बाराव्या दिवशी बारसं धरलं होतं. तुम्ही तेव्हा पुण्यात होता, झबलं-टोपडं शिवून इकडे येणाऱ्या कुणाबरोबर पाठवलं होतं. ते दहाव्या दिवशी पोचलं. पिवळ्या रंगाचं, गळ्याशी जरा घट्ट. त्या खोलीत पाळणा आहे आणि ते झबलं आहे. बाकी काही नाही. बारसं झालं नाही म्हणून नाव नाही. हॉस्पिटलच्या कागदावर 'बेबी ऑफ आशा' लिहिलंय. तिच्या नावाने काही करावं तर गुरुजी म्हणाले, इतक्या लहानग्याचं करत नाहीत.

मी खोली भाड्याने देत नाही ती चिकटपणाने नाही. चिकट असते तर दिली असती.

त्याने विचारलंय, आत कोण आहे. मला वाटलं तुम्ही त्याला सांगितलंत आणि तो माझी थट्टा करतोय. म्हणून पेपरला लिहिलं. झालं ते असं झालं.

सौ. आशा


अबुधाबी
५ ऑगस्ट २००२

वहिनी,

मी विसरले होते. झबलं शिवलेलंही विसरले होते. यावर मला आणखी काही लिहायला लावू नका.

पण मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आठवतच नव्हतं तर सांगणार काय? त्याने नुसतं एक बंद दार पाहिलं आणि तुम्हाला ते हळू लावताना पाहिलं. बाकी त्याचं त्याने लिहिलं. थट्टा म्हणून नाही. मिहिकाला कळलं ते तुम्हाला कळलं नाही.

परवा तो इथे आला होता, तेव्हा तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. ऐकून गच्चीवर गेला, ऑगस्टच्या दुपारी. खाली आला तेव्हा म्हणाला, "आय्‌ल टेक इट आउट." तेवीस तारखेला शारजात एका हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे. तिकीट नाही, पैसे नाहीत, म्हणजे कुणाला काही म्हणायला नको. निरोपाचाच समजा. तिथे ते कडवं गाणार नाही, नव्या सीडीतही नसेल. एकोणतीसला त्याचं विमान.

तुम्हाला हवं ते झालं. गाण्यातून कडवं गेलं आणि देशातून मुलगा. माझ्या मनात तुमच्याबद्दल जे आहे ते यापुढेही राहील. वाईट वाटतं म्हणून राग जात नाही, हे मला या वयात समजलं.

अपर्णा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
करामा, दुबई
२४ ऑगस्ट २००२

सौ. अपर्णावन्सं यांस,

तुम्ही काल हॉलमध्ये पुढे बसला होता, मी मागे. तुम्ही मला पाहिलं आणि मान फिरवलीत. बरोबर केलंत. मी माफी मागायला हे लिहीत नाही, मागून मिळण्यासारखी ती नाही. एक काम आहे म्हणून लिहिते.

हे मला घेऊन गेले. गाडीत एवढंच म्हणाले की परत यायचं असेल तेव्हा सांग. शेवटच्या रांगेत बसले. तीनशे तरी पोरं होती, सगळी उभी, खुर्च्या कशाला ठेवल्या होत्या कोण जाणे. मला पाहून दोघीतिघी आपसात बोलल्या. एकीने ऐकू जाईल असं "दॅट्स हर" म्हटलं. मला तेवढं इंग्रजी येतं.

गाणी मला आवडली नाहीत. पेपरवाला म्हणाला ते अगदी खरं आहे, पोरगं नाकात गातं. ढोलाने छातीत धडधडत होतं. सात गाणी मी नुसते हात मांडीवर ठेवून सोसली.

मग 'मामी'. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, पोरं ओरडली, मामी, एसी लाव ना. माझ्या शेजारचा एक मुलगा तर माझ्याकडे बघून ओरडला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्याला वेदांग माइकपासून बाजूला झाला. खाली मान घालून नुसता वाजवत राहिला. तो म्हणाला होता तसंच, त्याने ते गाळलं.

तुम्ही पुढे होता, तुम्हाला मागचं दिसलं नसेल. पोरांनी आधी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी एकाने सुरुवात केली. मग सगळी गायला लागली. तीनशेच्या तीनशे, त्याच्याशिवाय. मामी एका खोलीचं दार हळू लावते. इंग्रजीतच, पण मला आता ते शब्द ओळखू येतात. बेसूर होती बरीच. मात्र ओरडत नव्हती. आत कोण आहे ते तरी सांग, इथे तर आवाज इतका खाली आला की मला हॉलचा एसी ऐकू आला.

मी उभी राहिले. शेजारच्या मुलीने हात धरून "आंटी, बसा ना" म्हटलं. बसले नाही.

काम हे. नव्या सीडीतून ते कडवं काढायचं त्याने ठरवलंय, ते काढू नये. मी त्याला सांगायला गेले तर तो, "ओके मामी, चिल," म्हणेल आणि उठून जाईल, म्हणून तुम्ही सांगा. त्याला म्हणावं, मामीवरचं जे आहे ते तुझं आहे, ठेव नाहीतर टाक. ते कडवं तुझं नाही. त्यातल्या ओळी जिच्या आहेत तिच्यावर आजवर कुणी एक ओळ लिहिली नाही, तिच्या आईनेसुद्धा नाही. त्या गाळायचा हक्क त्याला नाही.

सोळा वर्षं ती मला एकटीला पाठ होती. काल तीनशे पोरांना होती. कुणाबद्दल गातोय ते त्यांना ठाऊक नाही, नसू दे.

गाणं मला अजून आवडलेलं नाही.

सौ. आशा